सातव्या गाडीवरचं ऊन

जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून मला फोन आला, तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी धुळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. आमच्या विभागात मी एकटीच बाई. पलीकडून बोलणारे प्राध्यापक म्हणाले की, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या स्वयंचलित गाड्यांची स्पर्धा ठेवली आहे, ठरलेले एक परीक्षक आजारी पडले आहेत, तर तुम्ही याल का.

मी त्यांना लगेच सांगितलं की आमच्या कॉलेजच्या दोन मुली त्यात भाग घेताहेत आणि त्यांना शिकवणारी मीच आहे. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुमचा कडकपणा इकडेही माहीत आहे. तुम्ही कुणाला झुकतं माप द्याल असं कोणी म्हणणार नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं. तिथेच नाही म्हणायला हवं होतं, हे कळायला मला स्पर्धेचे दोन्ही दिवस लागले.

स्पर्धा अशी होती. जमिनीवर पांढरा रंग दिलेले प्लायवूडचे तक्ते मांडायचे, त्यांच्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी लावून वळणावळणाची रेघ काढायची, आणि गाडीनं स्वतःच ती रेघ ओळखून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. गाडीला दोरी नाही, वायर नाही, सुरू केल्यावर हात लावायचा नाही. त्या काळी आमच्याकडे रोबोट म्हटलं की लोकांना हात-पाय असलेला पत्र्याचा माणूस वाटायचा. ही बुटासारखी बसकी गाडी पाहून लोकांचा विरस व्हायचा. पण ती रेघेच्या वळणावर क्षणभर थांबून चाक फिरवायची, तेव्हा आवाज न करता बघत राहायचे.

आमच्या मुलींनी गाडीचं अंग डब्याच्या पत्र्याचं केलं होतं आणि मोटारी जुन्या टेपरेकॉर्डरच्या काढल्या होत्या. गाडीच्या पोटाखाली उजेड ओळखणारे दोन डोळे आणि मध्ये एक छोटा बल्ब. बल्बचा उजेड पांढऱ्यावरून परत येतो, काळ्यावरून येत नाही, एवढ्यावर सगळा खेळ. दोघींपैकी एक उंच आणि बोलकी होती. दुसरी चष्मेवाली, फारसं न बोलणारी. सर्किट सगळं चष्मेवालीचं होतं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर सोल्डरिंगचे डाग कायम असत.

स्पर्धेच्या दिवशी धुळ्याहून सकाळी सहाच्या एसटीत मी चढले, तर त्या दोघी आधीच बसलेल्या. चष्मेवालीच्या मांडीवर खोकं, त्यात गाडी. बोलकीनं माझ्यासाठी जागा धरली होती. मी तिकडे न बघता पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा बोलकी चिवड्याचा डबा घेऊन आली. मी म्हटलं, आज मी तुमची मॅडम नाही, परीक्षक आहे, आज माझ्याशी बोलू नका. ती डबा घेऊन परत गेली. एरंडोल येईपर्यंत मी त्या डब्याचाच विचार करत होते. मग स्वतःलाच सांगितलं, नियम म्हणजे नियम.

कॉलेजच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये तक्ते मांडले होते. वर पत्रे, आणि उजेडासाठी मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे बसवलेले. आम्ही तिघं परीक्षक. एक ते यजमान प्राध्यापक. दुसरे नाना. ते जळगावच्या एका पाइप कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचे. कॉलेजात कधी गेले नव्हते, पण बिघडलेल्या मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगायचे म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. माझ्याशी ते ऑफिसातली मराठी बोलत, मनातलं काही बोलायचं झालं की अहिराणीवर घसरत. तिसरी मी. नियमांचा कागद सकाळी मीच माझ्या अक्षरात लिहिला. अकरा संघ, प्रत्येकाला एक सराव आणि एकच फेरी. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. आमच्या मुलींना सातवा क्रमांक आला.

सकाळी नऊला सगळ्यांचा सराव झाला. दहाला फेऱ्या सुरू झाल्या. यजमान कॉलेजच्याच दोन मुलांची गाडी दुसरी होती, ती सरसर गेली. प्राध्यापकांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तो लगेच सावरला. नंतरच्या गाड्यांपैकी एकीचं चाक निघालं, एक अर्ध्यावर थांबली, एक धीम्या चालीनं पोचली. प्रत्येक फेरीआधी संघ बराच वेळ खाली वाकून स्क्रू पिळत बसे, त्यामुळे सातवा क्रमांक यायला साडेबारा वाजले.

आमच्या मुलींनी गाडी रेघेवर ठेवली. पहिली दोन वळणं ती अशी गेली की बाजूला उभी असलेली पोरं पुढे झुकली. माझा हात घड्याळावर होता. तिसऱ्या वळणाशी गाडी थांबली, डावी-उजवीकडे डुलली आणि सरळ तक्त्याबाहेर निघून गेली.

मी नानांकडे पाहिलं. नाना तक्त्याकडे बघत होते. तिसऱ्या वळणावर वहीच्या पानाएवढा उन्हाचा एक लख्ख तुकडा पडला होता. वरच्या पारदर्शक पत्र्यातून आलेला. सकाळी तो तिथं नव्हता. एवढ्या उजेडात गाडीच्या डोळ्यांना काळं-पांढरं वेगळं ओळखू येत नाही.

चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, सकाळी इथं सावली होती."

तिनं एवढंच सांगितलं. परत फेरी द्या असंसुद्धा ती म्हणाली नाही. मी म्हटलं, थांबा, आम्ही बोलतो.

शेडच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन होती. तिथं आम्ही तिघं गेलो. नाना सरळ म्हणाले की या संघाला परत फेरी द्यावी. प्राध्यापक म्हणाले, तुम्ही दोघं ठरवाल ते मला चालेल. म्हणजे ठरवायचं माझ्यावर आलं.

मी बोलायला लागले आणि फार छान बोलले. मी म्हटलं, कागदावर एकच फेरी लिहिली आहे. उद्या कुणी म्हणेल आमच्या वेळी वारा होता, कुणी म्हणेल धूळ होती. चांगलं यंत्र कुठल्याही परिस्थितीत चालायला हवं, कारखान्यात काय मशीनसाठी ऊन थांबवतात? माझा आवाज स्थिर होता. वर्गात अवघड सिद्धांत समजावताना असतो तसा. प्राध्यापकांनी मान डोलवली.

नाना म्हणाले, "पोरीस्नी काय चूक शे, ताई? ऊन काय त्यास्नी आनं?"

ऊन काही पोरींनी आणलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मग ते हळू, सावकाश मराठीत म्हणाले, "या तुमच्या विद्यार्थिनी नसत्या, तर तुम्ही हेच म्हटलं असतं का?"

मी म्हटलं, हो. लगेच म्हटलं. इतकं लगेच की माझं मलाच खटकलं.

बाहेर येऊन मी निर्णय सांगितला. बोलकीचं तोंड उघडं राहिलं. चष्मेवालीनं गाडी उचलली, खालचा बल्ब बंद केला आणि खोक्यात ठेवली. मग जेवणाची सुटी झाली. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती.

दोन वाजता आठव्या गाडीची फेरी लागली. मी मुद्दाम तिसऱ्या वळणापाशी जाऊन उभी राहिले. ऊन तिथं नव्हतं. ते सरकून पलीकडच्या लेथ मशीनवर चढलं होतं. नववी, दहावी, अकरावी, सगळ्यांना स्वच्छ सावली मिळाली. अकरा संघांत त्या उन्हात सापडलेली गाडी एकच. मी घड्याळ धरून वेळा लिहीत होते, आणि दर दोन मिनिटांनी माझी नजर त्या लेथवर जात होती.

संध्याकाळी निकाल तयार झाला. यजमानांची मुलं पहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांचं प्रदर्शन आणि चार वाजता बक्षीस समारंभ, तोवर निकाल पाकिटात.

परतीच्या एसटीत त्या दोघी मधल्या बाकावर होत्या. मी मागे बसले, मग उठून त्यांच्याजवळ गेले. नियम का महत्त्वाचा असतो हे त्यांना समजावून सांगायचं माझ्या मनात होतं. चष्मेवालीनं खोकं सरकवून जागा केली आणि म्हणाली, बसा ना मॅडम. मी बसले. आणि मी विचारलं काय, तर गाडीचे सेल किती वेळ टिकले. ती म्हणाली, चांगले टिकले. मग धुळ्यापर्यंत आम्ही तिघीही खिडकीबाहेर बघत राहिलो. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांशिवाय बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर मी घासलेली भांडी परत घासली. कपड्यांच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. नवरा पेपर वाचत बसला होता. त्यानं दोनदा विचारलं काय झालं, तिसऱ्यांदा पेपर खाली ठेवला. मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझे केबिनमधले मुद्देही पुन्हा सांगितले. ते अजूनही बरोबरच वाटत होते, आणि त्यामुळेच जास्त त्रास होत होता.

तो म्हणाला, "मुद्दे राहू दे. तू घाबरलीस कुणाला?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलीच्या प्रोजेक्टला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले होते. तिचं काम तसं होतं. स्टाफरूममध्ये कोणीतरी हसत म्हणालं, मॅडम काय, मुलींना देणारच. ते कुणी मनावर घेतलं नाही, विसरूनही गेले असतील. मी विसरले नाही. तेव्हापासून मुलींच्या वह्या तपासताना मनात आलेला आकडा मी दोननं कमी करून लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. याला मी स्वतःशी काटेकोरपणा म्हणायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नवऱ्याजवळ हे बोलले, आणि बोलता बोलताच मला ते ऐकू आलं. काटेकोरपणा कसला. मी माझं नाव स्वच्छ ठेवत होते आणि त्याची किंमत त्या पोरींकडून घेत होते.

नवऱ्यानं पेपर घडी करून बाजूला सारला. मग म्हणाला, "निकाल अजून पाकिटातच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी सहाच्याही आधीची गाडी पकडली. मुली नंतरच्या गाडीनं येणार होत्या. वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि दर गावाला ते वेगळं जुळत होतं. जळगाव स्टँडवरून रिक्षा केली, कॉलेजात पोचले तर प्राध्यापक मंडपवाल्याशी बोलत होते. मी म्हटलं, कालचा माझा निर्णय चुकीचा होता, निकाल थांबवा.

ते माझ्याकडे बघतच राहिले. पाहुणे ठरले आहेत, प्रमाणपत्रांवर नावं लिहून होत आली आहेत, आणि काल तुम्हीच तर एवढं पटवून सांगितलंत, असं ते म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. शिवाय पहिली गाडी त्यांच्या विद्यार्थ्यांची. त्यांनाही लोकांच्या बोलण्याची भीती असणारच, माझ्यासारखी, फक्त उलट्या बाजूनं. आता एकाच संघाला परत संधी दिली तर बाकीचे काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं.

तेवढ्यात नाना आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, भांडता कशाला, मशीनलाच विचारा. साडेबाराला तिथं परत ऊन येईल. पहिली आलेली गाडी त्या वळणावरून नेऊन बघा. गेली, तर ताईंचं कालचं म्हणणं खरं, चांगलं यंत्र कुठंही चालतं. नाही गेली, तर मग विचार करू.

साडेबारापर्यंतचे ते तास मी कसे काढले ते मलाच माहीत. प्रदर्शनाला शाळांची मुलं येत होती. आमच्या मुलीही येऊन आपल्या टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या, आणि बोलकी प्रत्येक नव्या घोळक्याला गाडी चालवून दाखवत होती. मी लांबूनच फिरत होते. एकदा वाटलं, ती गाडी उन्हातून आरामात जावी, म्हणजे मी सुटेन. मग त्या विचाराची लाज वाटली.

साडेबाराला उन्हाचा तुकडा बरोबर तिसऱ्या वळणावर आला. यजमान संघाच्या दोघा मुलांना काय करायचं ते सांगितलं होतं. त्यांनी गाडी सोडली. पहिली दोन वळणं सरसर. तिसऱ्यावर थांबली, डुलली, आणि आमची गाडी जिथून बाहेर गेली होती जवळजवळ तिथूनच बाहेर गेली.

त्या दोघांतला एक वर पत्र्याकडे बघत होता. तोच प्राध्यापकांना म्हणाला, "सर, आम्ही काल दहा वाजता पळवली होती. तेव्हा ऊन नव्हतं." आपलं पहिलं बक्षीस जाऊ शकतं हे त्याला कळत होतं. तरी त्यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं. मी काल काचेच्या केबिनमध्ये हे करू शकले नव्हते.

नाना म्हणाले, "बठ्ठासले सारखी सावली द्या, नही ते बठ्ठासले सारखं ऊन."

सगळ्यांना सारखी सावली द्यायची ठरलं, आणि पत्र्यावर ताडपत्री टाकली. हजर असलेल्या सगळ्या संघांना विचारलं. ज्यांना सावलीच मिळाली होती त्यांनी आपली कालची वेळच धरा म्हटलं, आणि सातव्या गाडीला फेरी द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. तोवर तीन वाजत आले. मी सांगितलं की या फेरीला मी घड्याळ धरणार नाही. शेडमध्येही थांबणार नाही. हे मी काल सकाळीच सांगायला हवं होतं, तेही सांगितलं.

मी बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभी राहिले. आतून गाडीचा आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी मी कान देऊन उभी होते. मनात आकडे मोजायला लागले आणि मध्येच चुकले. एक शिपाई पाण्याची कळशी घेऊन गेला. मग आतून टाळ्या वाजल्या. मोठ्या नव्हत्या, पण नीट, सगळ्यांच्या.

नाना बाहेर आले. गाडी पूर्ण रेघ गेली होती. एकाही वळणावर चुकली नव्हती. पण वेळ जास्त लागला होता. चौथा क्रमांक. बक्षिसं तीन होती.

मी आत गेले. चष्मेवाली खोकं भरत होती. मी म्हटलं, गाडी छान गेली. तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, "मॅडम, काल सेल ताजे होते. आज सकाळपासून प्रदर्शनात चालवून उतरले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सर्किटमधला दोष सांगावा तसं तिनं ते सांगितलं. नवे सेल मी आणून द्यायला हवे होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळभर मी न्याय कसा करायचा ते ठरवत इकडून तिकडे फिरत होते, आणि कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात सेल मिळत होते.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याच बाकावर बसले. आज जुळवाजुळव केली नाही. म्हटलं, काल परत फेरी नको असं मी म्हटलं होतं. बाकी दोघं द्यायला तयार होते. तुम्ही माझ्या विद्यार्थिनी आहात म्हणून मी नाही म्हटलं.

बोलकी म्हणाली, "आम्हाला माहीत होतं मॅडम. केबिनला काच आहे. बोलत तुम्हीच होत्या."

चष्मेवालीनं खोक्यातली गाडी उलटी करून बघायला घेतली. पारोळा मागे पडल्यावर ती बोलकीला सांगायला लागली की गाडीच्या डोळ्यांभोवती पत्र्याची टोपी करायची, खालपर्यंत, म्हणजे बाहेरचा उजेड आत येणार नाही. बोलकी म्हणाली, टोपी जमिनीला घासेल. मग दोघी त्यावर वाद घालत बसल्या. मला विचारलं नाही. एरवी असं काही अडलं की आधी मला विचारत.

त्या दोघी पुढे चांगल्या मार्कांनी पास झाल्या. मी मार्क देताना हात आखडला नाही, आणि वाढवूनही दिले नाहीत. मनात पहिल्यांदा आला तो आकडा लिहिला आणि वही मिटली. ती सवय लागायला मात्र वेळ लागला. कितीदा पेन वर उचललेलं राहायचं. बोलकी अजूनही दिवाळीला भेटायला येते. चष्मेवाली नाशिकच्या एका कारखान्यात लागली, तिथं तिचं नाव झालं असं ऐकते. ती कधी आली नाही. धुळ्यात येते तेव्हा रस्त्यात भेटली तर थांबून नमस्कार करते, घरच्यांची चौकशी करते. स्पर्धेनंतर त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या उरलेल्या तीन महिन्यांत एकदाही ती शंका घेऊन माझ्या टेबलाशी आली नाही. शेजारच्या टेबलावरच्या सरांकडे जायची. मी बाजूलाच बसलेली असायची, तिचं सर्किट मला तिथूनच दिसायचं, आणि त्यातली चूकही कधीकधी सरांच्या आधी दिसायची.